घराचा ताबा लांबला तर : कोवलमच्या किनाऱ्यावरील खरेदीदाराचे कायदेशीर हक्क

चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाणाऱ्या पूर्व किनारा मार्गावर मुट्टुकाडूची खाडी ओलांडली की कोवलम हे मच्छीमारांचे जुने गाव लागते. केरळमधील याच नावाच्या पर्यटनस्थळाशी त्याचा काही संबंध नाही. अठराव्या शतकात येथे कर्नाटकच्या नवाबाचा किल्ला होता आणि १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हच्या फौजेने तो जिंकला. २०१९ पासून हा परिसर चेंगलपट्टू या नव्या जिल्ह्यात मोडतो. किनाऱ्यापासून थोडे आत गेले की केळंबाक्कम आणि सिरुसेरी हा माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा पट्टा सुरू होतो. नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या आणि पुण्या-मुंबईहून गुंतवणूक म्हणून समुद्राजवळ घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा भाग अपरिचित राहिलेला नाही.

घर वेळेत मिळाले नाही तर मात्र परक्या राज्यातील हा व्यवहार दुहेरी जाच ठरतो. एकीकडे भाडे आणि दुसरीकडे कर्जाचा हप्ता चालू राहतो. कागदपत्रांतील काही शब्द ओळखीचे नसतात आणि कार्यालये दूर असतात. अशा वेळी बहुतेक खरेदीदार विकासकाच्या पुढील तारखेवर विसंबून राहतात. कायद्याने त्यांच्या हाती याहून पुष्कळ अधिक दिलेले आहे.

कायदा कसा घडला

या प्रश्नावर स्वतंत्र कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होते. सदनिकांच्या विक्रीतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी १९६० मध्ये राज्य शासनाने समिती नेमली आणि त्यातून १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियम, म्हणजेच प्रचलित भाषेतील 'मोफा' अस्तित्वात आला. ठरलेल्या दिवशी ताबा दिला नाही तर खरेदीदाराची रक्कम ९ टक्के व्याजाने परत करावी, अशी तरतूद त्याच्या कलम ८ मध्ये तेव्हापासून आहे. तामिळनाडूत अपार्टमेंट मालकीचा कायदा १९९४ मध्ये झाला. त्याची जागा घेणारा २०२२ चा कायदा मार्च २०२४ मध्ये लागू झाला. परंतु या दोन्हींचा रोख इमारतीची सामाईक मालकी आणि व्यवस्थापन यांवर आहे, विलंबावर नाही.

१९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही 'सेवा' असून तिच्यातील विलंब ही सेवेतील त्रुटी आहे, असा निर्वाळा दिला. त्यामुळे ग्राहक न्यायालयांचे दार देशभरातील घर खरेदीदारांना उघडले. त्यानंतर २०१६ चा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम आला. हाच 'रेरा'. त्याच्या उर्वरित प्रमुख तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. तामिळनाडूने आपले नियम त्याच वर्षी जून महिन्यात अधिसूचित केले. चेन्नईस्थित तामिळनाडू स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे टीएन-रेरा, हेच कोवलम परिसरातील प्रकल्पांचे नियमन करते.

ज्या प्रकल्पांना १ मे २०१७ रोजी पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता, त्यांनाही नोंदणी बंधनकारक आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सर्व टप्पे मिळून सदनिका आठहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. किनाऱ्यावरील छोटे बंगले आणि स्वतंत्र घरांचे लहान संकुल घेणाऱ्यांनी ही सूट प्रथम तपासावी. नोंदणी नसलेल्या अशा घराबाबत वाद उद्भवला तर व्यवहारात ग्राहक आयोगाचाच मार्ग अधिक भरवशाचा ठरतो.

निवड खरेदीदाराची

रेराचे कलम १८ हा या विषयाचा कणा आहे. विक्री करारात नमूद केलेल्या तारखेपर्यंत विकासक घर पूर्ण करून ताबा देऊ शकला नाही, तर खरेदीदारापुढे दोन पर्याय खुले होतात. व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली सर्व रक्कम व्याज आणि नुकसानभरपाईसह परत मागता येते. घर हवेच असेल तर प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मिळते. यांपैकी कोणता पर्याय स्वीकारायचा, हे विकासक ठरवू शकत नाही.

न्यूटेक प्रमोटर्स विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात ११ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा परताव्याचा हक्क बिनशर्त आणि निरपवाद असल्याचे म्हटले. अनपेक्षित घटना घडली किंवा एखाद्या न्यायालयाची स्थगिती आली, तरी त्यामुळे खरेदीदाराच्या या हक्काला बाधा येत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. परतावा आणि व्याज यांचा निर्णय प्राधिकरण देते. मनस्ताप, भाडे इत्यादींपोटी नुकसानभरपाई हवी असेल तर ती ठरवण्याचा अधिकार न्यायनिर्णय अधिकाऱ्याला आहे, ही विभागणीही याच निकालाने कायम केली. एकाच अर्जात सर्व काही मागणाऱ्यांची येथे अनेकदा गफलत होते.

व्याजाचा दर करारातील आकड्यावर अवलंबून नाही. महाराष्ट्राप्रमाणेच तामिळनाडूच्या नियमांतही स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक २ टक्के असा दर आहे. उभय पक्षांना दर सारखाच असावा, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. म्हणजे हप्ता थकवणाऱ्या खरेदीदाराकडून विकासक जितके व्याज घेईल, तितकेच त्यालाही द्यावे लागते.

या तरतुदीचे महत्त्व उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, १,२०० चौरस फुटांच्या सदनिकेसाठी ६० लाख रुपये भरले आहेत. जुन्या धर्तीच्या करारांत विलंबासाठी दरमहा प्रति चौरस फूट ५ रुपये भरपाई लिहिलेली आढळते. त्या हिशेबाने महिन्याला ६,००० रुपये होतात. त्याच रकमेवर वार्षिक ११ टक्के दर धरला, तर मासिक व्याज ५५,००० रुपये होते. विकासकाचे कार्यालय पहिला आकडा सांगते आणि पुष्कळ लोक तो मान्य करून पावतीवर सही करतात.

पायोनियर अर्बन कंपनीच्या गुरुग्राम येथील प्रकल्पासंबंधी २ एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच करार होता. खरेदीदाराच्या थकबाकीवर १८ टक्के व्याज आणि विकासकाच्या विलंबावर मात्र केवळ ९ टक्के, तेही लांबलचक सूचनेच्या मुदतीनंतर. अशी एकतर्फी कलमे ही अनुचित व्यापारी प्रथा असून ती खरेदीदारावर बंधनकारक नाहीत, असे न्यायालयाने ठरवले.

तारीख कोठे शोधावी

कलम १८ चा आधार घ्यायचा तर मुदत नेमकी केव्हा संपली, हे सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रातील खरेदीदाराला एकच नोंदणीकृत करारनामा पाहण्याची सवय असते. तामिळनाडूत मात्र सदनिकेचा व्यवहार दीर्घकाळ दोन कागदांवर होत आला आहे. जमिनीतील अविभक्त हिश्श्याचे खरेदीखत वेगळे आणि घर बांधून देण्याचा बांधकाम करार वेगळा. डिसेंबर २०२३ पासून राज्याच्या नोंदणी विभागाने जमीन आणि बांधकाम यांच्या एकत्रित मूल्यावर सदनिकेचा दस्त नोंदवण्याची पद्धत आणली. परंतु त्यापूर्वीचे असंख्य व्यवहार जुन्या पद्धतीचेच आहेत.

या पद्धतीचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. खरेदीखत हाती आले की घर आपले झाले, असा समज होतो. प्रत्यक्षात त्या दस्तात ताब्याच्या तारखेचा उल्लेखही नसतो. तो बांधकाम करारात असतो आणि तोही बऱ्याचदा 'नियोजन परवानगी मिळाल्यापासून अमुक महिने, अधिक सहा महिन्यांची सवलत' अशा रचनेत. त्यामुळे परवानगीची प्रत मिळवल्याशिवाय हिशेबच पूर्ण होत नाही. नोंदणीकृत प्रकल्पाबाबत ही प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

दुसरा परिणाम पैसे परत घेताना जाणवतो. अविभक्त हिस्सा खरेदीदाराच्या नावावर नोंदलेला असल्याने बाहेर पडताना तो विकासकाला परत लिहून द्यावा लागतो. येथे क्रमाला महत्त्व आहे. रक्कम हाती पडण्यापूर्वी हिस्सा परत लिहून दिला तर खरेदीदाराजवळ तारणासारखे काहीच उरत नाही. तेव्हा आदेशात किंवा तडजोडपत्रात रक्कम आधी आणि दस्त नंतर, निदान दोन्ही एकाच दिवशी, असे स्पष्ट लिहून घेणे आवश्यक आहे. तोपर्यंत जमिनीवर नवा बोजा चढला नाही ना, हे बोजा दाखल्यावरून कळते. त्याला तमिळमध्ये 'विल्लंगम' दाखला म्हणतात आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. आपल्याकडील सातबाराच्या जागी तेथे 'पट्टा' हा शब्द आहे.

करारात तारीखच नसेल तर काय? फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर या मुंबईतील प्रकरणात मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. तारीख नसली तरी वाजवी कालावधी गृहीत धरला जातो आणि त्या प्रकरणात तो तीन वर्षांचा मानला गेला. 'आमच्या करारात मुदतच नाही' असे सांगणाऱ्या विकासकाला हे उत्तर पुरेसे आहे.

आणखी एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. प्रकल्पाची रेराखाली नोंदणी करताना विकासकाला पूर्णत्वाची नवी तारीख जाहीर करता येते, मग विलंब त्या तारखेपासून मोजावा, असा हा दावा. नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात ६ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेराची घटनात्मक वैधता उचलून धरताना हा दावा मान्य केला नाही. नोंदणीच्या वेळी दिलेली नवी तारीख नियामकासाठी असते; तिच्यामुळे खरेदीदाराशी झालेला मूळ करार पुन्हा लिहिला जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल मुंबईचा असला तरी कायदा केंद्रीय आहे आणि इतर राज्यांतील खरेदीदारही त्याचा आधार घेऊ शकतात.

पूर, वादळ आणि महामारी

कोवलमच्या किनाऱ्यावर निसर्गाचा हवाला देण्यास विकासकांना कारणांची उणीव नसते. डिसेंबर २०१५ चा महापूर, १२ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईला धडकलेले वरदा चक्रीवादळ, डिसेंबर २०२३ मधील मिचौंग आणि मधल्या काळातील कोविड या घटना साऱ्यांना ठाऊक आहेत. युद्ध, पूर, अवर्षण, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा अन्य नैसर्गिक आपत्ती आल्यास प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत वाढवण्याची तरतूद रेराच्या कलम ६ मध्ये आहे. आपत्ती नसतानाही वाजवी परिस्थितीत प्राधिकरण मुदत वाढवू शकते, पण एकूण एका वर्षापेक्षा अधिक नाही. मे २०२० मध्ये केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने कोविडला आपत्ती मानून सहा महिन्यांच्या मुदतवाढीचा सल्ला राज्यांना दिला होता.

तथापि, मुदतवाढीचा हिशेब घटनेच्या प्रमाणात व्हावयास हवा. काही दिवसांच्या पुराने दोन वर्षांचा विलंब समर्थनीय ठरत नाही. घटना कराराची मुदत संपल्यानंतरची असेल तर ती मुळीच उपयोगाची नाही. २०१८ मध्ये द्यावयाच्या घरासाठी २०२० ची महामारी पुढे करण्यात अर्थ नाही, असा प्रतिवाद खरेदीदाराने तारखांसह मांडावा.

किनारी नियमन क्षेत्राची परवानगी हा या भागातील वेगळा मुद्दा आहे. भरतीरेषेपासून आणि खाडीकाठापासून ठराविक अंतरात बांधकामावर निर्बंध आहेत आणि ते किनाऱ्यावर जमीन घेणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला माहीत असतात. परवानगी मिळण्यास वेळ लागणे ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. ती मिळण्यापूर्वीच घरे विकण्याचा निर्णय विकासकाचा असतो, तेव्हा त्याची जोखीमही त्याचीच.

चेन्नई की पुणे?

परगावी राहणाऱ्या खरेदीदारासाठी हा कदाचित सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे. रेराखालील तक्रार प्रकल्प ज्या राज्यात आहे तेथील प्राधिकरणाकडेच करावी लागते. महारेराला कोवलममधील प्रकल्पावर अधिकार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याचे तसे नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे कोवलमला घर घेतलेला पुणेकर पुण्यातील जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. दृक्-श्राव्य माध्यमातून सुनावणी घेण्याची विनंती करण्याची सोयही या कायद्यात आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग अशी वाटणी आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. जोवर ताबा दिला जात नाही तोवर तक्रारीचे कारण चालूच राहते, असे न्यायालयांनी मानले असले तरी त्या आधारावर वर्षानुवर्षे स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. एकाच वेळी अनेक सदनिका घेणाऱ्याला 'हा व्यापारी हेतू आहे, ग्राहक नव्हे' या आक्षेपाला तोंड द्यावे लागते. रेरामध्ये ही अडचण येत नाही.

रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग बंद झाला, असा आक्षेप विकासक घेत असत. इम्पीरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात २ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दोन्ही उपाय एकमेकांस पूरक आहेत. मात्र एक मार्ग निवडून निर्णय घेतल्यावर त्याच मागणीसाठी दुसऱ्या दारात जाता येत नाही. दिवाणी न्यायालयाचा मार्ग मात्र रेराच्या कलम ७९ ने या बाबींपुरता बंद केला आहे.

निवड करताना आयरिओ ग्रेस रिअलटेक प्रकरणातील ११ जानेवारी २०२१ चा निकाल अवश्य विचारात घ्यावा. ग्राहक कायद्याखालील त्या प्रकरणात ज्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळाले होते, तेथील खरेदीदारांना न्यायालयाने विलंबाच्या भरपाईसह ताबा घेण्यास सांगितले. जेथे ते मिळाले नव्हते, तेथील खरेदीदारांना परतावा दिला. इमारत जवळजवळ पूर्ण झालेली असताना बाहेर पडायचे असेल, तर न्यूटेक निकालाचा थेट आधार असलेला रेराचा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो. त्यासाठी चेन्नईला खेप घालावी लागली तरी.

प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. विकासकाला अपील करायचे असेल तर खरेदीदाराला देय ठरलेली संपूर्ण रक्कम, व्याजासह, आधी जमा करावी लागते. अपिलाच्या नावाखाली वेळ काढण्याच्या जुन्या सवयीला कलम ४३ मधील या अटीने बराच आळा बसला आहे.

कर्जाचे काय

ताबा मिळाला नाही म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. कर्जाचा करार स्वतंत्र असतो. हप्ता थकवला तर पतमानांकन खरेदीदाराचेच घसरते. ताबा मिळेपर्यंत विकासक हप्ते भरील, अशा योजनांत देशभर अनेकांची फसगत झाली आणि विकासक व वित्तसंस्था यांच्या संगनमताच्या आरोपांवरून सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय अन्वेषण विभागाला प्राथमिक चौकशीचे आदेश दिले.

परताव्यावर व्याज मिळत असताना कर्जावर भरलेले व्याजही विकासकाकडून वसूल करता येईल काय? मोहाली विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर नकारार्थी दिले. खरेदीदाराने पैसा स्वतःचा घातला की कर्ज काढले, हा त्याचा प्रश्न. परताव्यावरील व्याज हीच त्या नुकसानीची भरपाई होय, अशी न्यायालयाची भूमिका आहे. खरेदीदारांना हा निकाल कठोर वाटणे स्वाभाविक आहे, परंतु मागणीचा आकडा ठरवताना तो डोळ्यांआड करता येणार नाही.

कागदोपत्री ताबा

मुदत पाळल्याचे दाखवण्यासाठी अपुऱ्या इमारतीच्या किल्ल्या देण्याचा प्रकार सर्वत्र चालतो. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेची कथा या बाबतीत बोधक आहे. सदस्यांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र मिळवलेच नाही. परिणामी संस्थेला मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के अधिक भरावी लागली. राष्ट्रीय आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली होती. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बदलला. प्रमाणपत्र न मिळवणे हा दिवसागणिक चालू राहणारा दोष असून तक्रार मुदतीतच आहे, असे न्यायालयाने सांगितले. ताब्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी!

आग्रा विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये याच तत्त्वाला पुष्टी मिळाली. पूर्णत्वाचा दाखला आणि अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नसताना देऊ केलेला ताबा वैध नव्हे. कोवलम परिसरातील खरेदीदाराने हेच दोन कागद आधी मागावेत. दाखला मिळाल्यानंतर मात्र खरेदीदारावरही बंधन येते. कलम १९ नुसार त्याने दोन महिन्यांत ताबा घ्यावयास हवा.

आदेशानंतरची वाट

या कायद्याची दुबळी बाजू निकालात नाही, वसुलीत आहे. विकासकाने आदेशाप्रमाणे पैसे दिले नाहीत तर कलम ४० खाली ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. प्राधिकरण वसुलीचा दाखला देते आणि पुढील काम महसूल यंत्रणेकडे जाते. निवडणुका, पूर आणि पीक पाहणी यांत गुंतलेल्या त्या यंत्रणेच्या प्राधान्यक्रमात घर खरेदीदार वरच्या स्थानी क्वचितच असतो. म्हणून विकासकाच्या मालमत्तांचा तपशील, त्याचे इतर प्रकल्प, न विकलेल्या सदनिका यांची माहिती खरेदीदारानेच जमवून अर्जासोबत देणे हिताचे ठरते. जप्त काय करावे, हे सांगणारा अर्ज तुलनेने लवकर हलतो.

विकासक दिवाळखोरीत गेला तर चित्र बदलते. २०१८ च्या दुरुस्तीने घर खरेदीदारांना वित्तीय धनकोंचा दर्जा दिला. दिवाळखोरीची कारवाई स्वतः सुरू करायची असेल तर त्याच प्रकल्पातील किमान १०० किंवा एकूण संख्येच्या १० टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके खरेदीदार एकत्र यावे लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ हमखास परताव्याच्या लोभाने पैसे गुंतवणाऱ्यांना ही कारवाई सुरू करण्यास मज्जाव केला. कारवाई सुरू झाली की इतर वसुली स्थगित होते आणि मुदतीत दावा दाखल न करणारा मागे पडतो. रेराचा परताव्याचा आदेश हाती असल्याने हा दर्जा जात नाही, हे ऑक्टोबर २०२३ मधील विशाल चेलानी निकालापासून स्पष्ट आहे.

प्रकल्पच बंद पडला असेल तर पैशापेक्षा घर पूर्ण होणे अधिक मोलाचे असू शकते. नोंदणी रद्द झाली किंवा तिची मुदत संपली, तर उर्वरित बांधकाम हाती घेण्याचा पहिला हक्क कलम ८ अन्वये खरेदीदारांच्या संघटनेला आहे. उत्तर भारतातील आम्रपाली समूहाच्या प्रकरणात २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी रद्द करून अपुरी घरे बांधण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले. तेथे प्रश्न ४० हजारांहून अधिक कुटुंबांचा होता. चाळीस-पन्नास सदनिकांच्या संकुलात असा हस्तक्षेप संभवत नाही. तेथे संघटना स्थापन करणे आणि कलम ८ चा हक्क वेळेवर मागणे, एवढेच हाती राहते.

किल्ल्या घेताना

अखेर घर तयार झाले आणि ताबा घेण्याचे ठरले, तर त्या दिवशी पुढे येणाऱ्या कागदांकडे लक्ष द्यावे. 'विलंबाबाबत माझी काही तक्रार नाही' असे हमीपत्र त्यांत असण्याची शक्यता मोठी असते. बंगळूरु येथील डीएलएफ सदर्न होम्सच्या प्रकल्पात ३३९ खरेदीदारांनी लढवलेल्या खटल्यात २४ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेचा परामर्श घेतला. घर हवे असेल तर भरपाईवर पाणी सोडा, असा पेच खरेदीदारापुढे उभा करणे अन्यायकारक आहे. खरेदीखत करून घेतल्याने भरपाईचा दावा संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. करारातील प्रति चौरस फूट ५ रुपयांच्या जोडीला वार्षिक ६ टक्के व्याजही त्या खरेदीदारांना मंजूर झाले. तरीही असे हमीपत्र समोर आल्यास 'हक्क राखून' असे शब्द लिहून मगच सही करावी आणि त्याच दिवशी त्याची प्रत ईमेलने विकासकास पाठवावी.

ताबा घेतल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवांत दोष आढळला तर तो कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन कलम १४ ने विकासकावर घातले आहे. खाऱ्या हवेमुळे गंजणाऱ्या सळया आणि पावसाळ्यात भिंतींत उतरणारी ओल या किनाऱ्यावरील नेहमीच्या तक्रारी आहेत. त्या तोंडी न सांगता छायाचित्रांसह लेखी कळवाव्यात, कारण तीस दिवसांची मुदत त्या पत्रापासूनच मोजली जाते.